न फुटलेले थेंब

दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून कारखान्यातून लवकर घरी आलो, तर आमच्या खोलीत धाकट्या भावाची बायको स्टुलावर उभी राहून खिडकीचं माप घेत होती. हातात शिवणाची टेप, दातांत पेन्सिल. मला बघून ती एवढी दचकली की टेप हातातून सुटली आणि उलगडत पलंगाखाली गेली. "दादा, तुम्ही? आत्ता?" मी म्हटलं, "घर माझंच आहे ना अजून?" हे मी हसत म्हटलं होतं, पण ती हसली नाही. "दुपारचं ऊन थेट उशीवर येतं इथे. म्हटलं, जाडसा पडदा शिवावा," असं काहीतरी पुटपुटत ती खाली उतरली आणि "बरं वाटत नाहीये का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून गेली. लग्न होऊन ती या घरात आली त्याच्याही आधीपासून ते ऊन त्या उशीवर येतंय. इतकी वर्षं त्या उन्हाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मी वाकून टेप काढली आणि पलंगावर बसून गुंडाळत राहिलो. डोकेदुखी केव्हाच पळाली होती. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: यांना कळलंय, आणि खोलीची वाटणीसुद्धा सुरू झालीय.

कळण्यासारखं होतं एवढंच, की मी हे घर सोडून जाणार होतो. आमची प्रयोगशाळा इथून हलवून दुसऱ्या शहरात नेण्याचं ठरलं होतं, आणि मोठ्या साहेबांनी मला फोन करून विचारलं होतं, जाणार का? मी तो फोन बाथरूममध्ये घेतला होता, नळ सोडून. चार खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे खासगी बोलायला तेवढीच एक जागा उरते. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर मी ते मनात पुष्कळदा घोळवलं आहे. मी म्हणालो होतो, "हो, मी जाणार हे आता नक्की. घरी अजून कुणाला बोललो नाही. फार तर हा हिवाळा निघेल. आत्तापासून कशाला रडवायचं सगळ्यांना?" हे रडवायचं वगैरे मी साहेबांवर छाप पाडायला म्हटलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. घरी सांगितलं तर कुणी थांब म्हणेल की नाही, याची मला खात्री नव्हती. एकाने जरी म्हटलं असतं, दादा, जाऊ नका, तर मी दुसऱ्या दिवशी साहेबांना नकार कळवला असता; सही अजून बाकी होती. पण विचारायचं आणि चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं, ते मला झेपलं नसतं. म्हणून मी हिलाही सांगितलं नव्हतं. हिला म्हणजे बायकोला. आणि कुणालाच सांगितलेलं नसताना धाकटी आमच्या खिडकीला टेप लावते, याचा अर्थ कुठेतरी पाणी मुरत होतं.

शंका घेण्याचाच मला पगार मिळतो. मलमांच्या कारखान्यात मी टिकाऊपणाचं खातं बघतो. चांगलं दिसणारं मलम आतून केव्हा बिघडेल, याचा वास घेत बसणं हे माझं काम. आमच्या मलमात तेलाचे थेंब इतक्या दाटीवाटीने भरलेले असतात की त्यांना गोल राहायलाही जागा उरत नाही. एकमेकांना रेटून ते चपटे होतात, कोपरे काढतात, आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो. त्या पापुद्र्याच्या दोन्ही अंगांना साबणाच्या जातीचं एक द्रव्य पहारा देत उभं असतं, म्हणून थेंब एकमेकांत घुसत नाहीत. पहारा ढिला पडला की थेंब फुटतात, एकमेकांत मिसळतात, तेल वर येतं, पाणी खाली राहतं. मलम फाटलं, असं आम्ही म्हणतो. तर त्या दिवसांत आमच्याकडे एक नवं मलम आलं होतं. त्यात दोन औषधं होती आणि दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. भेटली की दोन्ही निकामी. म्हणून एक औषध एका जातीच्या थेंबांत आणि दुसरं दुसऱ्या, अशी योजना होती. अंगावर चोळताना थेंब फुटतील, औषधं काय भेटायची ती तिथे भेटतील, तोवर शेजार नुसता. चाचणीसाठी आम्ही औषधांऐवजी निम्म्या थेंबांत तांबडा रंग घातला, निम्मे कोरे ठेवले, आणि मलम उबदार कपाटात ठेवून दिलं. सुरुवातीला मायक्रोस्कोपखाली डाळिंबाचे दाणे आणि पाण्याचे मणी शेजारी शेजारी मांडल्यासारखे दिसत होते. नंतर पाहिलं तर एकूण एक थेंब फिकट गुलाबी. कोरा एक नाही, तांबडा एक नाही. मोठ्या साहेबांच्या हाताखालचे साहेब म्हणाले, फुटले. त्यांच्या मते जगात जे काही बिघडतं ते काहीतरी फुटून.

माझंही तेच मत होतं, घराच्या बाबतीत तर नक्कीच. कुणीतरी फुटलं होतं. पण मी सांगितलंच नव्हतं, तर फुटणार कोण? मग मी कारखान्याकडे संशयाचं तोंड वळवलं. आमचा एखादा माणूस धाकट्याला बाजारात भेटला असेल, बोलता बोलता म्हणाला असेल, "काय, दादा चालले म्हणे!" धाकट्याने ते बायकोला सांगितलं, बायकोने टेप काढली. साखळी छान जुळत होती, फक्त धाकटा बाजारात कधी जात नाही. तरी मी त्याच्यावर नजर ठेवली आणि जे दिसलं त्याने माझी झोप उडाली. तो माझ्याशी भांडेनासा झाला होता. आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून पंख्यावरून भांडतो. त्याला तो जोरात लागतो, मला बेताचा. आता मी बटणाकडे नुसतं पाहिलं की तो उठून पंखा कमी करायचा. टीव्हीचा आवाज मी येताच खाली. खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावरून तो आपल्या बायकोलाही उठवायचा, ती माझ्यासाठी रिकामी. एका संध्याकाळी मी बूट काढत होतो, तर त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खाली बघत म्हणाला, "दादा, कुठे जायचं असेल ना, तर एकटा जाऊ नकोस. मी सुट्टी काढतो. मी सोबत येतो." कुठे जायचं असेल तर! हा मला पोचवायला यायला तयार होता. सामानासकट नेऊन सोडायला, आणि मी परत फिरत नाही ना, हे डोळ्यांनी बघून यायला. "बघू," मी म्हटलं. त्याचे डोळे भरून आल्यासारखे दिसले, तेव्हा मला त्याच्या अभिनयाचं कौतुक वाटलं. शाळेच्या नाटकात याला झाडाच्या भूमिकेपलीकडे काही जमलं नव्हतं.

मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या बाईंना आमच्याकडे सगळे भिंगबाई म्हणतात. त्या माझ्याहून वयाने मोठ्या, फटकळ, आणि भिंगाला डोळा लावून बसल्या की जेवणाची सुट्टी विसरणाऱ्या. त्यांनी मला बोलावून खुर्चीत बसवलं. "बघा नीट. फुटलंय काही?" मी बराच वेळ पाहिलं. फुटलं असतं तर दोन थेंबांचा एक मोठा झाला असता, कुठे ओघळ दिसला असता. सगळे थेंब जिथल्या तिथे होते, जेवढ्यास तेवढे. "मग रंग गेला कसा?" मी विचारलं. "चालत," भिंगबाई म्हणाल्या. "तो तेलातला रंग खरा, पण पाण्यातही जरासा विरघळतो. अगदी जरासा. तेवढं पुरतं. एक कण इकडून निघतो, पापुद्र्यात शिरतो, पलीकडच्या थेंबात जातो. कुणी ढकलत नाही, कुणी बोलावत नाही. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिथे, सगळीकडे सारखं होईपर्यंत. पापुद्रा जितका पातळ, ऊब जितकी जास्त, तितकं लवकर." मी म्हटलं, "पण पहारा होता की! साबण आपण सढळ हाताने घातला होता." त्या हसल्या. "तिथेच तर गोम आहे. पहाऱ्याला लागतो त्याच्यावरचा साबण रिकामा हिंडतो. त्याचे बारीक पुंजके होतात, आणि तेच रंगाला पोटात घेऊन पलीकडे नेऊन सोडतात. थेंब फुटू नयेत म्हणून जे घातलं, त्यानेच रंग हिंडवला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं तोंड का उतरलं? तुम्हाला काय, दर वेळी एक चोर पकडून द्यायला हवा."

त्या दिवशी घरी जाताना मला आमच्या घरातला जादा साबण दिसायला लागला. एवढं गोड बोलणं आमच्यात कधी नव्हतंच. आम्ही खेकसणारी माणसं. प्रेम असलं तर ते खेकसण्याच्या पोटात असतं. आणि आता जो तो हलक्या आवाजात बोलत होता. धाकटी माझ्या पानात न विचारता वाढत होती. लग्न करून दूर गेलेली आमची मुलगी, जिला फोन करायला सवड नसायची, ती रोज फोन करून विचारायची, "बाबा, जेवलात? दमला नाहीत ना?" दमायला मी काय खाणीत जातो? आईचं तर काही कळेनासं झालं होतं. ती दिवसभर आपल्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसलेली असते. तिला कमी ऐकू येतं, असं आम्ही धरून चाललो आहोत, आणि ती आमचा गैरसमज दूर करत नाही. मी घरी आलो की ती मला जवळ बोलवायची आणि पाठीवरून हात फिरवायची. हा हात माझ्या पाठीला ओळखीचा नव्हता. लहानपणी त्या हाताने पाठीवर केलेलं काम वेगळं होतं. मला अवघडल्यासारखं व्हायचं आणि उठावंसंही वाटायचं नाही. एकदा हात फिरवता फिरवता ती म्हणाली, "तुझं काय जायचं वय आहे का रे?" म्हणजे आईलाही माहीत आहे. माझ्या ओठांवर आलं होतं, की आई, मग म्हण ना थांब. तू म्हटलंस तर थांबतो. पण ती भिंतीकडे बघत होती आणि तिचा हात चालूच होता.

आणि ही. तिच्याबद्दल शंका घ्यायचं मी सगळ्यांत शेवटासाठी राखून ठेवलं होतं, कारण तिथे हात घालायची भीती वाटत होती. ही बोलायची थांबली होती. एरवी ही अखंड बोलते. माझी सिगारेट, माझं तळलेलं खाणं, माझे ओले टॉवेल यांवर तिची व्याख्यानं चालू असतात. आता मी गॅलरीत सिगारेट पेटवली तर ती दारात येऊन उभी राहायची, बघायची आणि आत जायची. तळलेलं पुन्हा मागितलं तर वाढायची. सकाळी मी दाढी करताना आरशात ती मला माझ्या मागे दिसायची, पलंगाच्या कडेला बसून माझ्या मानेकडे बघत असलेली. वळलो की ती उशीचे अभ्रे नीट करू लागायची. बायको टोकेनाशी झाली की समजावं, तिने हिशेबातून काढून टाकलं. मी तिला आडून विचारून पाहिलं. "हल्ली फार गप्प असतेस?" "मी? नाही बाई." "घरात काही चाललंय का?" "काय चालणार?" एवढं बोलून तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जे मी कधीच लावत नाही, आणि हात तिथेच ठेवला. मला वाटलं, ही अपराधी आहे. मी गेल्यावर या चौघांचं कसं चालेल, हे त्यांनी आपसांत ठरवूनसुद्धा टाकलंय आणि तिला आता माझ्या डोळ्याला डोळा देववत नाही.

कारखान्यात मात्र मला एक गोष्ट सापडली जिने मला थोडा धीर दिला. साबण कमी केल्यावर रंगाचं हिंडणं मंदावलं, पण दुसरंच दुखणं वर आलं. आता थेंबातलं तेलच हळूहळू बाहेर झिरपू लागलं. लहान थेंबातून निघायचं आणि मोठ्यात जाऊन बसायचं. लहान आणखी लहान व्हायचा आणि एक दिवस दिसेनासा. इथेही भांडण नाही, फुटाफूट नाही. यावर जुना उपाय आहे: प्रत्येक थेंबात पाण्यात अजिबात न विरघळणारं जड तेल जरासं घालायचं. बाकीचं तेल बाहेर पडायला लागलं की आत हे जड तेल एकटं दाट होत जातं, आणि गेलेल्याला माघारी ओढून घेतं. त्यामुळे लहानातला लहान थेंबही पुरता रिकामा होत नाही. मी ते घातलं, मलम टिकलं, साहेब खूश झाले. मी स्वतःवर त्याहून खूश झालो. मला वाटलं, माझं बरोबरच होतं. माणसाकडे एखादी गोष्ट कुणाला न दिलेली, कुणाच्यात न विरघळणारी असावी, नाहीतर चार खोल्यांतली बाकीची माणसं त्याला पिऊन टाकतात. या विचारात मी बरेच दिवस आरामात राहिलो. सही करायचा दिवस मात्र जवळ येत होता, आणि अजून कुणीही मला थांब म्हटलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाली आणि कुणी उठेना. धाकट्याने घसा साफ केला, बायकोकडे पाहिलं, परत घसा साफ केला. "दादा, रागावू नकोस. मी एका डॉक्टरांशी बोललोय. मोठे आहेत. एकदा दुसरं मत घेऊ या." मला वाटलं, आईला काही झालंय. "कशाबद्दल?" "आता कशाबद्दल म्हणजे..." त्याचा आवाज चिरकला. धाकटी पदराने डोळे पुसायला लागली, आणि तेवढ्याने इतके दिवस माझ्या आत साचलेलं सगळं वर आलं. मी ताट सारून म्हणालो, "नाटकं पुरे झाली! खिडकीची मापं घेतलीत, पिशव्या उचलल्यात, पंखे कमी केलेत. खोलीच हवी आहे ना? घ्या. पडदे लावा, गालिचे घाला. मी जाणारच आहे!" "असं नका हो बोलू, दादा," धाकटी हुंदका देत म्हणाली, "ऊन लागून तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून पडदा... पडून राहायची वेळ आली तर..." धाकटा म्हणाला, "हल्ली उपचार निघालेत, दादा. एवढ्यात असं नक्की वगैरे नाही म्हणायचं." मी ओरडलो, "बदलीवर कसले डोंबलाचे उपचार?"

मग आई, जिला कमी ऐकू येतं, ती स्पष्ट म्हणाली, "बदली?"

मी सांगितलं. प्रयोगशाळा हलतेय, मला बोलावलंय, हिवाळ्यानंतर जायचंय. सांगता सांगता मलाच ते फार लहान वाटायला लागलं. धाकटी तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. बाथरूमची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. नळाच्या आवाजातून तिला 'जाणार', 'नक्की', 'फार तर हा हिवाळा', 'रडवायचं' एवढंच मिळालं होतं, आणि त्यातून तिने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. "पण मी कुणाला बोलले नाही, शपथ!" ती म्हणाली. धाकटा म्हणाला, "नाहीच बोलली. पण ही वहिनीच्या साड्यांना इस्त्री करायला लागली, तेव्हाच मी ओळखलं, तुला काहीतरी भयंकर झालंय." आईने धाकट्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं होतं, आमच्या मुलीने हिच्या फोनवरच्या आवाजावरून. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि माझं मरण घरभर सारखं पसरलं होतं. आईने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, हलवलं आणि म्हणाली, "नुसता बदलीवर जातोयस होय रे! मेल्या, मग जा की! खुशाल जा!" धाकटा खो खो हसत सुटला, धाकटी रडता रडता हसायला लागली. "जा दादा," धाकटा म्हणाला, "कुठेही जा, लांब जा!" आणि उठून त्याने पंखा जोरात केला. मीही हसलो. माझ्यावर एवढी माया आहे हे मला कळत होतं, आणि त्या मायेतून थांब हा शब्द काही निघत नव्हता. आता तो मागायची सोयही उरली नव्हती.

हसण्याच्या गडबडीत ही ताटं उचलून आत गेली होती. मी मागोमाग गेलो. ती ओट्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभी होती, नळ बंद होता. मी म्हटलं, "तू नाही हसलीस?" "हसले की." "नाही हसलीस." ती वळली. कित्येक दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही टॉवेल विसरला होतात," ती म्हणाली. "मी तो घेऊन दाराशीच उभी होते. मला भिंतीपलीकडून नाही ऐकावं लागलं. मी सगळं ऐकलं. 'मी जाणार हे आता नक्की' म्हणालात."

"अगं, पण आता कळलं ना, ते बदलीचं होतं?"

"हो, आता कळलं." तिने हात पदराला पुसले, कोरडे होते तरी. "इतके दिवस मी त्या 'जाणार'पाशीच अडकले होते. त्याच्या आधीच्या 'मी'कडे लक्षच गेलं नाही. मरायला काय, माणूस एकटाच जातो. त्याला कोण नावं ठेवणार?" बाहेर धाकटा आईला मोठ्या आवाजात काहीतरी समजावून सांगत होता आणि आई हसत होती. तिने ताटं नळाखाली सरकवली.

"बदलीवर एकट्यानेच जावं लागतं का हो?"

हे तिने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.